बिराप्पाची वीत

तामलवाडी, ता. तुळजापूर
१२ ऑगस्ट १९४६

चिरंजीव चन्नबसप्पा यास गुरुसिद्धप्पा काकाचे आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? खोलीत तुझ्यासंगं राहणाऱ्या ईट गावच्या रामकिसनचा खोकला थांबला का? खानावळीतल्या आचाऱ्याचा हात भाजला होता, तो बरा झाला का, का अजून तुम्हीच भाकरी थापता? आणि ज्या म्हशीच्या पोटाला तुम्ही बावीस जण ओळीनं कान लावता, ती बिचारी जिवंत आहे का? आमच्याकडं बावीस माणसं रांग लावून कुणाच्या पोटाला कान लावायला लागली तर धडधाकट माणूस अंथरूण धरंल.

इकडं तुझ्या शांताक्का काकूचे गुडघे दुखतात, पण भांडणाच्या वेळी दुखत नाहीत. तुझी आई, आमची गंगम्मा वहिनी, ठीक आहे. तुझं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्या वर्षी आधी हाडं शिकवतात, तारेनं बांधलेला गाईचा सांगाडा समोर ठेवतात, नावं इंग्रजीत, समजावून सांगणं उर्दूत, हे ऐकून ती म्हणाली, "मेलेली गाय शिकून जित्या गाईचं काय कळंल?" मी म्हटलं, सुरुवातीला मेलेलीच बरी, लाथ मारत नाही.

गावात पुसतात, चन्नू काय शिकतो? मी सांगतो, जनावरांच्या कॉलेजात आहे. ते म्हणतात, म्हणजे सलोत्री होणार, घोड्याच्या तोंडात हात घालणारा. मी म्हणतो, सलोत्री जुना झाला, हा डॉक्टर होणार. मग पुसतात, फरक काय? ते मला सांगता येत नाही. पुढच्या पत्रात लिही.

बसवा मजेत आहे. तुझ्या वडलांनी जायच्या आधी बसवण्णाच्या देवळात सोडलेला हा पोळ आता गावचा पाटील झालाय. ज्या शेतात शिरंल ते शेत त्याचं. आठ वर्षांत कुणी काठी उगारली नाही. वहिनी त्याला 'ह्यांचा बसवा' म्हणते, आणि कोंडीराम पाटलाच्या ज्वारीत शिरला तरी रागावत नाही, हे पाटलाला आवडत नाही.

पत्र लवकर धाड.
गुरुसिद्धप्पा


हैद्राबाद
२५ ऑगस्ट १९४६

तीर्थरूप काकांच्या सेवेशी, चन्नबसप्पाचे शरणार्थ.

आपलं पत्र पावलं. म्हैस जिवंत आहे. रामकिसनचा खोकला थांबला, आता तो घोरतो.

एक महत्त्वाचं शास्त्रीय काम आहे. बसवाची तीन मापं पाहिजेत. छातीचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागनं. उंची, जमिनीपासून वशिंडामागच्या पाठीपर्यंत. लांबी, खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत. मापं अचूक पाहिजेत. कशासाठी ते विचारू नये, लिहून समजण्यासारखं नाही.

दुसरं असं की, गेल्या उन्हाळ्यात आपण पोट फुगलेल्या गाईला तापल्या सळईनं डाग दिला होता. आमच्या वर्गात मी ते सांगितलं तेव्हा सगळे हसले. यापुढं असा अडाणीपणा होऊ नये. जनावराचं संगोपन हे आता शास्त्र झालेलं आहे. चारा किती, पाणी किती, जोडी कुणाशी, हे सगळं मोजून ठरतं.

आपली पत्रं थोडी आटोपशीर असावीत. अभ्यासामुळं चार-चार पानं वाचायला सवड मिळत नाही. राग नसावा.

आपला
चन्नबसप्पा


तामलवाडी
९ सप्टेंबर १९४६

चिरंजीव चन्नबसप्पा यास आशीर्वाद.

आटोपशीर लिहा म्हणालास, म्हणून हे पत्र तीनच पानी आहे. वर्गात हसले त्यांनाही माझे आशीर्वाद सांग. त्या गाईला डाग दिल्यावर ती उठून चरायला गेली होती, हे सांगितलंस का, का तिथपर्यंत येण्याआधीच ते हसले?

मापाचं म्हणशील तर गावात फीत एकच होती, शिंप्याची. शिंपी सोलापुरात गिरणीत लागला तो फीत गळ्यात घालूनच गेला. मग वितीनं मोजायचं ठरलं. पण बसवा बगलेत हात घालू देतो का? पाटलानं प्रयत्न केला, बसवानं शिंग हलवलं तसा पाटील चावडीच्या पायरीवर जाऊन बसला. शेवटी धनगराच्या बिराप्पाला बोलावलं. त्याला तू ओळखतोस, तुळजापूरच्या जत्रेत कुस्ती मारलेला, पंजा परातीएवढा. बसवा त्याचं ऐकतो.

बिराप्पा म्हणाला, "अण्णा, म्या मोजतो. पर त्येला सांगायला नगं का, कशापायी?"

मी म्हटलं, "चन्नूनं कारण लिहिलं नाही. आपल्याला समजणार नाही म्हणतो."

बिराप्पानं लई विचार केला. मग बसवाच्या कानाशी जाऊन म्हणाला, "बसवा, कालिजातनं तुला झूल येनार हाय. माप घेतो. नीट हुबा ऱ्हा."

आणि गड्या, सगळ्या गावाला ते पटलं. माप कपड्यासाठीच घेतात, दुसरं कशाला घेतंय कोण? शांताक्का म्हणते, लाल पाहिजे, भिंगाची. वहिनीला पांढरी पाहिजे. पाटील म्हणतो, घेर जरा सैलच सांगा, सरकारी कापड आहे. मी मात्र एक बोट इकडं तिकडं होऊ दिलं नाही. तू अचूक म्हणाला होतास. बिराप्पाचा अंगठा सुटला की मी खडूनं खूण करायचो. बसवाच्या पांढऱ्या अंगावर खडू दिसेना, तवा कोळसा घेतला.

बिराप्पाच्या हातानं मापं अशी :
छातीचा घेर, पावणेसात विती.
उंची, पाच विती.
लांबी, साडेपाच विती.

झूल कोणत्या रंगाची, ते कळव. पत्र लवकर धाड.
गुरुसिद्धप्पा


हैद्राबाद
२० ऑक्टोबर १९४६

तीर्थरूप काकांच्या सेवेशी शरणार्थ.

मापं मिळाली. बाकीचं पत्र सवडीनं वाचीन.

आनंदाची बातमी. आम्हा प्रत्येकाला आपल्या गावच्या एका जनावरावर निबंध लिहायचा होता. माझा निबंध पहिला आला. बडे उस्ताद तो वर्गापुढं वाचून म्हणाले, या मुलानं घरच्या माणसाचीही भीड ठेवली नाही, याला म्हणतात शास्त्र. निबंध त्यांनी वर खात्याकडं पाठवला आहे. तामलवाडीच्या बसवाचं नाव आता सरकारदफ्तरी आहे.

आईला सांगावं.
चन्नबसप्पा


तामलवाडी
२८ नोव्हेंबर १९४६

चिरंजीव चन्नबसप्पा यास आशीर्वाद.

हे पत्र लांबलं तरी पुरतं वाच. गावावर प्रसंग आलाय.

गेल्या गुरुवारी जनावरांच्या खात्याचा चपराशी उर्दू कागद घेऊन आला. पटवारी तुळजापूरला गेलेला. मग चपराशानंच अडखळत वाचलं, तामलवाडीचा बसवा नावाचा पोळ, त्याला सरकारी हुकमानं खस्सी करण्यात यावं. पाटलाला एका कानानं कमी येतं. त्याला ऐकू आलं, खासा करण्यात यावं. चपराशी पुन्हा म्हणाला, खस्सी. पाटील म्हणाला, "तेच की. खासा. खुद्द सरकारच्या खासगीतला."

तुझं पत्र आलेलंच होतं, बसवाचं नाव सरकारदफ्तरी गेलं म्हणून. मग काय पुसतोस. पाटलानं हलगी बोलावली. बसवाला गुलाल लागला. चपराशाला शेला दिला, नारळ दिला, गुळ-शेंगदाणे दिले. तो बिचारा "नको, नको" म्हणत होता, आम्हाला वाटलं लाजतोय. बायकांनी बसवाला ओवाळलं. वहिनी आठ वर्षांत पहिल्यांदा वाड्याबाहेरच्या गर्दीत येऊन उभी राहिली. तिनं बसवाच्या कपाळाला भस्म लावलं आणि म्हणाली, "आज ह्ये पायजे होते."

तेवढ्यात पटवारी आला. त्यानं कागद वाचला, हलगीवाल्याला थांबवलं आणि पाटलाच्या चांगल्या कानात एकच शब्द सांगितला. बडवायचा. खच्ची करायचा.

चन्नू, बायकांनी ओवाळायची ताटं पदराखाली घेतली. चपराशी शेला घडी करून पायरीवर ठेवून निघून गेला. नारळ तेवढा नेला.

कागदात लिहिलंय, हा पोळ खुजा आहे, छातीचा घेर पावणेएकसष्ट इंच, असल्या खुज्या वळूमुळं गावची पैदास बिघडते. संक्रांत झाल्यावर सलोत्री साहेब चिमटा घेऊन येणार. आपला बसवा खुजा. त्याच्या सावलीत दोन माणसं जेवायला बसतात.

देवाला सोडलेल्या जनावराला असं करायचं म्हणजे काय, हे त्या लिहिणाराला कुणी सांगितलं नसंल. तू तिथंच आहेस. कोणत्या गाढवानं हे लिहिलं त्याचा शोध घे आणि त्याचा कान धरून माझं नाव सांग. वहिनी त्या दिवसापासून एकभुक्त आहे. म्हणते, "ह्यांच्या मागं त्यांची एक गोष्ट राखता आली न्हाय मला."

उत्तर ताबडतोब धाड.
गुरुसिद्धप्पा


हैद्राबाद
८ डिसेंबर १९४६

तीर्थरूप काकांच्या सेवेशी शरणार्थ.

आपली तब्येत कशी आहे? काकूंचे गुडघे कसे आहेत? आईनं जेवण सोडू नये असं सांगावं. पाटलांचा कान, बिराप्पाची तालीम, सगळं ठीक असेल अशी आशा.

हुकमाबद्दल चौकशी केली. खात्याचं काम शास्त्राला धरूनच असतं. कोणी लिहिलं ते कळू शकत नाही. नव्या चिमट्यानं जनावराला फार दुखत नाही, दोन दिवसांत ते चरायला लागतं. तरी आपण मागं पाठवलेली मापं बरोबर होती ना, हे एकदा कळवावं. सहज विचारतो.

चन्नबसप्पा


तामलवाडी
१७ डिसेंबर १९४६

चन्नबसप्पा,

आशीर्वाद देतो, पण हात आखडून.

तू सहज विचारतोस, म्हणून मीही सहज बसलो आणि हिशेब केला. सरकारी कागदात पावणेएकसष्ट इंच आहे. मला ते पावणे खटकलं. साठ नाही, एकसष्ट नाही, पावणे. इथं जनावर मोजताना पावणेचा आकडा एकदाच निघाला होता, पावणेसात विती. मग मी भिंतीवर कोळशानं मांडलं. पावणेसात गुणिले नऊ. किती आलं ते तू शिकलेला आहेस, तुला ठाऊक असंल.

तर गाढव सापडलं. कान धरायला हैद्राबादला यायचं तेवढं राहिलं.

अरे, नऊ इंचाची वीत असते पुस्तकातल्या माणसाची. मी तीन पानं खर्चून लिहिलं की बिराप्पाच्या हातानं मोजलं. त्याचा पंजा परातीएवढा आहे असं लिहिलं. तू आकडे तेवढे उचललेस आणि माणूस टाकून दिलास. म्हशीच्या पोटाला दोन दोन तास कान लावतोस, आणि चुलत्याचं पत्र वाचायला तुला सवड नाही. बरं, लहानपणी तू बसवाच्या पोटाखालनं पळायचास. तवा तो खुजा नव्हता? का पहिला नंबर दिसला की डोळ्यांना जनावर दिसत नाही?

आणि घरच्या माणसाचीही भीड ठेवली नाहीस म्हणून उस्तादांनी पाठ थोपटली. भीड ठेवू नको. खरं लिहायला मी कधी आडवा आलो नाही. पण खोटं लिहून वर भीड ठेवली नाही म्हणून मिरवायचं, ही शिकवणूक कुठल्या हाडात असते?

बिराप्पाची वीत सुतावर मोजून, दोन्हीकडं गाठी मारून, या पाकिटात घातली आहे. फूटपट्टी लावून बघ. बिराप्पाला मी काही सांगितलं नाही. तो अजून पुसतो, झूल कधी येणार.

संक्रांत पुढच्या महिन्यात आहे.
गुरुसिद्धप्पा


हैद्राबाद
२९ डिसेंबर १९४६

तीर्थरूप काकांच्या चरणी शरणार्थ.

सूत अकरा इंचांहून जरा वर भरलं. मी चार वेळा मोजलं.

दोन दिवस गप्प राहिलो, हे खरं सांगतो. रामकिसन म्हणाला, कागद वर गेला आता, सोड. तिसऱ्या दिवशी सूत घेऊन बड्या उस्तादांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला वर्गापुढं उभं केलं. बावीस जणांनी आपापली वीत त्या सुताला लावून बघायची. एकाचीही पुरली नाही. मग त्यांनी माझ्या निबंधावर लाल शून्य काढलं आणि म्हणाले, जनावर न बघता ज्यानं त्याची शिक्षा लिहिली, त्याला आपण डॉक्टर करायला निघालो आहोत. खात्याला त्यांनी स्वतः पत्र लिहिलं आहे. सलोत्री साहेब चिमटा आणण्याआधी फीत आणतील.

आपण लिहिलेलं सगळं खरं आहे. आपलं सप्टेंबरचं पत्र मी आता पुरतं वाचलं. झुलीचं वाचून मला जेवण गेलं नाही.

पण काका, एक गोष्ट लिहायला भीती वाटते, तरी लिहितो. माप चुकलं, पण बसवा गावात राहणं बरोबर नाही, हे चुकलं नाही. आठ वर्षांत गावात जन्मलेली प्रत्येक कालवड त्याचीच आहे. आता त्याच कालवडी त्याच्याकडूनच गाभण राहतात. अशी वासरं अधू निघतात. आपल्याकडं तशी झाली का? झाली नसतील तर मी हे पान फाडून टाकायला सांगेन.

आईला यातलं काही सांगू नका. मी लिहिलं होतं हे तर नकोच.

चन्नबसप्पा


तामलवाडी
२४ जानेवारी १९४७

चिरंजीव चन्नबसप्पा यास आशीर्वाद, या वेळी सगळा हात.

सलोत्री साहेब आले. फीत आणली होती. बिराप्पानं बसवाला धरलं, साहेबांनी माप घेतलं. पंच्याहत्तर इंच. साहेब म्हणाले, "इतना बडा?" बसवानं शेपूट फिरवली ती साहेबांच्या टोपीला लागली, टोपी हौदात. हुकूम रद्द झाला. पाटलानं या वेळी हलगी बोलावली नाही.

तू लिहिलंस, आईला सांगू नका. पण तुझं पत्र आलं तवा ती समोरच निवडत बसलेली. मी मनानं रचून वाचायला लागलो, 'इकडं थंडी बरी आहे, रामकिसनला नवं घोंगडं घेतलं, आचारी बरा आहे,' असं बरंच. ती म्हणाली, "भावजी, कागुद येवढासा, आन् थंडीच इतकी लांब?"

मी कागद उलटा केला.

"बसवाचं त्यानंच लिव्हलं हुतं ना?"

मी पुसलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नोटीस आल्यावर त्याचं पत्र आलं. त्यात तुमाला पुसलं, शांताक्काला पुसलं, पाटलाच्या कानाला पुसलं. बसवा कसा हाय, म्हून पुसलं न्हाय." आणि पुन्हा डाळ निवडायला लागली. मग मी तुझं पत्र शब्द न् शब्द वाचलं. शेवटच्या ओळीसकट.

आता तुझ्या त्या पानाबद्दल. ते फाडलं नाही. गेल्या साली तीन वासरं झाली, एक आंधळं, दोन उभीच राहिली नाहीत. आम्ही नजर लागली म्हणालो. मिरच्या मीच ओवाळल्या. वर्गात सांगायचं तर हेही सांग.

मी चावडीवर विषय काढला. कोंडीराम पाटील म्हणाला, "देवाचा पोळ हाय, त्येला शास्त्र लागू न्हाय."

मी म्हटलं, "शास्त्र राहू द्या. पाटील, सोयरीक बघताना आपण पहिलं काय पुसतो?"

"घराणं."

"कशाला?"

"एका घराण्यात द्यायची न्हाय म्हून."

"गावच्या सगळ्या कालवडी बसवाच्या लेकी. त्या वयात आल्या. आणि गावात नवरा एकच, तो त्यांचा बाप."

बिराप्पा हळूच म्हणाला, "आरं तिच्या. म्या रोज बघतोय की." पाटलानं कानावर हात ठेवला, चांगल्या.

मग वाट निघाली. सावरगावच्या देवळाचा पोळ आहे, सहा वर्षांचा. त्यांचंही तेच दुखणं. देवाचा पोळ विकता येत नाही, पण साटंलोटं करता येतं. आपला त्यांच्याकडं, त्यांचा आपल्याकडं. तुझ्या पुस्तकात याला जे नाव असंल ते असो, आमच्याकडं याला सोयरीक म्हणतात आणि ती लहान पोराला कळते.

वहिनी शेवटपर्यंत नाहीच म्हणत होती. आंधळ्या वासराला ती अजून हातानं पाणी पाजते, तिथं जाऊन बसली, आणि आल्यावर म्हणाली, "जाऊ द्या. पर ह्यांनी त्याला दावं धरून आणला हुता. नेतानाबी दावं त्यांच्याच लेकाच्या हातात पायजे." शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलंय. तुझी परीक्षा त्याच सुमारास आहे हे मला ठाऊक आहे. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, त्याला कळवा, मग त्याचं तो बघंल.

मी कळवलं. उत्तर धाड.
गुरुसिद्धप्पा


हैद्राबाद
३ फेब्रुवारी १९४७

ती. काकांस शरणार्थ. त्या दिवशी संगोपनाचा पेपर आहे. येतो.

चन्नबसप्पा


तामलवाडी
५ मार्च १९४७

चिरंजीव चन्नबसप्पा यास आशीर्वाद.

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. बुडालेल्या पेपराचं काय झालं ते त्यात नाही. कॉलेजात काय म्हणाले, ते कळव.

तू बसवाला सावरगावला बांधून परस्पर गेलास. घरनं निघताना वहिनी दारात उभी होती, तुझ्याशी बोलली नाही. तीन कोस तुझ्यासंगं चालताना मी तुझ्या तोंडाकडं बघायचं टाळलं. तू बसवाशी बोलत होतास, ते मी ऐकलं नाही असं समज.

आता पुढचं ऐक. तिसऱ्या दिवशी दुपारी बसवा परत आला. शेपटीला गोखरू, गळ्यात तुटकं दावं, येऊन देवळापुढं उभा. मागनं सावरगावचे चौघे जण धापा टाकत आले. म्हणाले, "तुमचा जावई पळून आलाय." इकडं त्यांचा पोळ आमच्या हौदावर पाणी पीत होता. दोघांची नजरानजर झाली. पटवाऱ्याच्या परसाची भिंत पडली, एवढंच लिहितो. बिराप्पानं एकाचं शिंग धरलं आणि दुसऱ्याला नुसती शिवी दिली, तवा कुठं सुटले.

लोक मला पुसायला लागले, आता शास्त्र काय म्हणतं? मी म्हटलं, शास्त्र हैद्राबादला आहे.

तेवढ्यात वहिनी घरातनं आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "पहिल्या खेपेला कुणी एकटं सासरी धाडतं का? पाठराखीण कोण दिली हुती?"

नव्या नवरीसंगं चार दिवस घरची बाई जाते, हे सगळ्या गावाला माहीत, पण पोळाच्या बाबतीत ते कुणाच्या ध्यानात यायला नको का? तिनं लुगड्याच्या पदरात चार भाकरी बांधल्या, बसवाला नवं दावं लावलं आणि चालायला लागली. मी म्हटलं, वहिनी, तीन कोस ऊन आहे. ती म्हणाली, "त्येलाबी ऊनच हाय." मी मागनं गेलो. वाटेत बसवानं एकदाही मागं ओढलं नाही.

ती तिथं जंगमाच्या घरी राहिली आहे. आज अकरावा दिवस. पहिले आठ दिवस बसवा तिच्या दिठीतनं हलला नाही. ती न्हाणीत गेली तरी हंबरायचा. सावरगावच्या बायका हसायच्या, पुसायच्या, "गंगम्मा, जावयाला अंगाई म्हनती का?" ती म्हणायची, "लागली तर म्हनीन." परवा मी भेटायला गेलो होतो. बसवा नदीच्या अंगाला कालवडींच्या घोळक्यात होता. तिनं हाक मारली. त्यानं मान वर करून बघितलं, आणि पुन्हा चरायला लागला. आला नाही. वहिनीनं हातातलं दावं गुंडाळून ठेवलं. मग म्हणाली, "रमला." पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडता मला म्हणाली, चन्नूला लिव्हा, त्यानं लिव्हलं ते बराबर हुतं.

मी म्हटलं, मग चला घरी. आता इथं काय आहे?

तर नाही म्हणते. म्हणते, बसवाला पोचवलं, आता पोराचं पत्र आल्यावर येईन. मी म्हटलं, पत्रं येतातच की. ती म्हणाली, "ती तुमच्या नावानं येत्यात, भावजी. माझ्या नावानं त्यानं कवा लिव्हलंय?"



तर पाकिटावर तिचं नाव घाल. गंगम्मा, मुक्काम सावरगाव, जंगमाचं घर. तिथं वाचणारं कुणी नाही, म्हणून पाडव्याला मी जाणार आहे. त्याआधी पत्र तिथं पोचलं पाहिजे. लवकर लिही.

तुझा
गुरुसिद्धप्पा काका